अठ्ठावीस नंबर, पायी पायी

लिस्बनमध्ये माझं एकच काम होतं. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसायचं. मुलगी पोर्तोला असते. तिच्याकडे तीन आठवडे राहून आम्ही दोघं मुंबईला परत निघालो, ते विमान लिस्बनहून, दुसऱ्या दिवशी पहाटे. मध्ये एक अख्खा दिवस मोकळा. मुलीने बारा ठिकाणांची यादी पाठवली होती, त्यात बेलेमचा मठ दोनदा होता. मी म्हटलं, बघू.

ट्रामचं खूळ वडिलांकडून आलंय. अण्णा बेस्टमध्ये ट्राम कंडक्टर होते. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्या रात्री अण्णांना ड्यूटी नव्हती, म्हणून मला खांद्यावर घेऊन ते लालबागच्या नाक्यावर उभे राहिले. मी तीन वर्षांचा. मला त्यातलं ओ की ठो आठवत नाही. पण अण्णा अधूनमधून विचारायचे, "आठवतं ना रे?" आणि मी म्हणायचो, "हो तर, आठवतं की." हे खोटं मी शेवटपर्यंत निभावलं.

पुढे ते बसवर गेले, बसवरूनच रिटायर झाले, पण घरात बोलणं ट्रामचंच. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे चला. जेवताना पुरे म्हणायचं असलं की आम्ही भावंडं ताटावर चमचा एकदा वाजवायचो, आणखी हवं असलं तर दोनदा. आई वैतागायची. आज दादर टीटी म्हणताना त्यातला एक टी ट्रामचा आहे हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात खोदकाम करताना जुने रूळ निघाले, तेव्हा मी मुद्दाम लोकलने जाऊन बघून आलो होतो. ही म्हणाली होती, लोखंड बघायला कोणी फोर्टला जातं का?

तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे पावणेनऊ, मार्तीम मोनीश चौक. ट्राम इथून सुटते. आणि रांग! लालबागमध्ये जन्म गेलेल्या माणसाने रांगेला भ्यायचं कारण नाही, पण हिशेब तर करता येतो. त्या पिवळ्या डब्यात बसायला जागा वीस. रांगेत शंभरेक डोकी, निम्म्यांच्या हातात चाकाच्या बॅगा. वर ट्रामला ट्राम लागून येत नाही. दोन तास गेले असते, ते जाऊन शेवटी उभ्याने प्रवास.

"राजाच्या रांगेत निदान शेवटी राजा दिसतो," ही म्हणाली.

मी खाली बघितलं. रूळ तर जमिनीतच होते. ट्राम जाते ती या रुळांवरूनच, मग आपण त्यांच्यामागून चालत गेलो तर? सगळा रस्ता सात किलोमीटरच्या आसपास. शेवटच्या स्टॉपला एवढी गर्दी नसणार, तिथून बसून परत यायचं. हिने आधी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. "मला झेपेल तिथपर्यंत," असा करार झाला.

मार्तीम मोनीश हा कोण, तर दंतकथेतला एक शिलेदार. ११४७ साली आफोंसु एन्रिकेश राजाने मूरांकडून लिस्बन घेतलं, तेव्हा किल्ल्याचा दरवाजा बंद होत होता. हा पठ्ठ्या फटीत आडवा घुसला. तो चिरडून मेला, पण दार उघडं राहिलं आणि मागचं सैन्य आत गेलं. आमच्याकडे सकाळी आठ-बाराच्या फास्टला असे चार तरी मार्तीम मोनीश दारात असतात, त्यांच्या नावाने चौक होत नाही एवढंच. आणि हा आफोंसु म्हणजे आपल्या हापूसवाला नव्हे. तो आल्बुकर्क, गोव्यात आला १५१० साली, म्हणजे याच्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी. हिने विचारलं होतं म्हणून सांगितलं.

चौकाच्या आसपास बांगलादेशी आणि आपली दुकानं खच्चून. कोथिंबिरीच्या जुड्या, तांदळाची पोती, मोबाइलची रिपेरिंग. एका कॅफेत काचेमागे त्रिकोणी सामोसे दिसले. त्यांना इथे शामूसा म्हणतात. गोव्याकडून आणि मोझांबिककडून तो पोर्तुगीजांच्या ताटात आला आणि कायमचा राहिला. मसाला बेताचा. दोन खाल्ले आणि चढाला लागलो.

चढ म्हणजे चढ. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं तिथले लोक सांगतात. आपली सात बेटं, तीही भराव घालून सपाट केलेली, त्यामुळे मलबार हिल सोडली तर पोटऱ्यांना चढ ठाऊक नाही. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चौकोनी दगडांचे, मधे काळ्या बेसॉल्टची नक्षी. वर्षानुवर्षं पावलं पडून दगड असे गुळगुळीत झालेत की वाटीत साय धरावी. रुळांमधलं अंतर नऊशे मिलिमीटर, एक मीटरही नाही. ट्रामचे डबे १९३०च्या दशकातल्या बांधणीचे. इतकी जुनी गाडी हौसेखातर ठेवलेली नाही. या मार्गावरची वळणं आणि चढ एवढे अवघड आहेत की नवी लांबलचक ट्राम इथे वळणारच नाही.

आणखी एक हिशेब मी चढताना, धाप लपवण्यासाठी, हिला सांगितला. लिस्बनमध्ये घोड्याची ट्राम सुरू झाली १८७३ला, मुंबईत १८७४ला. विजेची त्यांच्याकडे १९०१ला, आपल्याकडे १९०७ला. म्हणजे पाठची भावंडंच. थोरलं अजून कामावर जातंय, धाकट्याला आपण १९६४ला घरी बसवलं. "श्वास घ्या आधी," ही म्हणाली.

ग्रासा मोहल्ल्यात पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. टेकडीच्या माथ्यावरचा हा भाग मला आतून ओळखीचा वाटला आणि कारण कळायला वेळ लागला नाही. इथे कामगारांच्या वसाहती आहेत, 'विला' म्हणतात त्यांना. व्हिला ऐकून बंगला डोळ्यांसमोर येतो, पण हे प्रकरण चाळीच्या जवळचं. विला बेर्ता म्हणून एक बोळ आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. एका बाजूला लोखंडी खांबांवरचे सज्जे, सज्जात कुंड्या, दोरीवर बनियनं. एक बाई वरून खालच्या बाईशी काहीतरी मोठ्याने बोलत होती. भाषा कळली नाही, पण सूर पाण्याच्या वेळेचा होता. फोटो काढायला मोबाइल उचलला आणि परत खिशात ठेवला. आमच्या चाळीत गोरे लोक कॅमेरे घेऊन यायचे, तेव्हा आई पटकन पदर सारखा करायची, ते आठवलं.

उतारावर पुढेच एक भारदस्त इमारत, 'आ वॉश दु ऑपेरारिउ', म्हणजे कामगाराचा आवाज. तंबाखूच्या कारखान्यातल्या मजुरांनी १८७९ला या नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि १८८३ला त्यातून संस्था उभी राहिली, शाळा निघाल्या. शाळा अजून चालू आहे, सुट्टी झाली असावी, कारण पोरांचा गलका रस्त्यावर ऐकू येत होता. टुरिस्टांचा एक घोळका त्या इमारतीकडे न बघता पुढे गेला. मी पाच मिनिटं थांबलो. गिरणगावातल्या किती संस्थांच्या आता पाट्याही राहिल्या नाहीत, हे काय वेगळं सांगायचं.

तिथून खाली आल्फामाच्या अंगाने रस्ता एवढा अरुंद होतो की एकच रूळजोडी मावते. ट्रामसाठी सिग्नल आहेत, म्हणजे एक वर येईस्तोवर दुसरीने वरच थांबायचं, किंवा उलट. आम्ही मधोमध असतानाच मागून घंटा वाजली. बघतो तर पिवळं धूड वळण घेऊन येतंय. आम्ही एका घराच्या उंबऱ्यात चढून पोटं आत घेतली. ट्राम अक्षरशः हातभर अंतरावरून गेली. आत माणसं चिकटून उभी, खिडकीतल्या एका मुलाने मला टाळी देण्यासाठी हात बाहेर काढला आणि मी दिलीसुद्धा. ट्राम गेल्यावर मागे उरतो तो वास. तापलेलं लोखंड, ब्रेकची वाळू आणि थोडंसं तेल. अण्णांच्या खाकी कोटाला असा वास यायचा का? ते कोट मला बसवरच्या दिवसांतले आठवतात, त्यांना डिझेलचा वास होता.

पोर्ताश दु सोल, म्हणजे सूर्याची दारं. इथे सज्जातून खाली आल्फामाची लाल कौलं आणि पलीकडे तेजू नदी दिसते. नदी कसली, ठाण्याच्या खाडीला तिप्पट करावं एवढी रुंद. शेजारच्या सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, भूकंपाच्या आधीचा राजवाड्याचा चौक कसा दिसायचा त्याचं. ते नीट बघून ठेवा, खाली गेल्यावर त्याची गरज लागते.

आणि इथे काय उभं असावं? रिक्षा. ओळीने टुकटुक, रंगीबेरंगी, एकीला तर झालरसुद्धा. आमच्या लालबागेत रिक्षा यायला बंदी, सायनच्या अलीकडे दिसली तर हवालदार धावून येतो, आणि युरोपातल्या राजधानीच्या ऐन काळजात रिक्षा! भाडं ऐकून मी हसलो. ही हसली नाही, ती गुडघा चोळत रिक्षाकडे बघत होती.

उतारावर पावसाची बारीक सर आली. से, म्हणजे इथलं मुख्य चर्च, समोर दिसायला आणि माझा पाय सटकायला एकच गाठ पडली. साय धरलेले ते दगड ओले झाले की साबण होतात. बसलो मी खाली, फतकल मारून. लागलं फारसं नाही, पण उजवं कोपर खरचटलं आणि पँटला डाग. एका दुकानातल्या आजींनी खुर्ची बाहेर आणली, पाणी दिलं आणि बोटाने माझे बूट दाखवून मान हलवली. हिने ती मान लगेच उचलून धरली. म्हणजे दोन देशांच्या बायका माझ्या बुटांबद्दल एकमताने बोलल्या. नवे बूट घालून परगावी चालू नये, हे मला निघण्याआधी किमान तीनदा सांगण्यात आलं होतं.

खुर्चीत बसलो असताना सेच्या घंटा सुरू झाल्या. आवाज घुमणारा, जाड. नाशिकची नारोशंकराची घंटा याच जातीची. पोर्तुगीज घंटा ती, तिच्यावर १७२१ साल कोरलंय. चिमाजी आप्पांनी १७३९ला वसई घेतली, त्या विजयात ती मराठ्यांच्या हाती आली. आमच्या मोठ्या आत्याला अख्खी चाळ नारोशंकराची घंटा म्हणायची. तिच्या नावाचा आवाज निघाला कुठून, ते ऐकायला एवढ्या लांब यावं लागलं.

मग सपाटी. बायशा हा खालचा भाग, त्यातून अठ्ठावीस ज्या रस्त्याने जाते तो रुआ दा कोंसेसांव. ही जाग्यावर थांबली, कारण दोन्हीकडे बटणं, लेस, दोरे आणि रिबिनींची जुनी दुकानं. लाकडी काउंटर, भिंतभर छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर आतलं बटण शिवलेलं. भुलेश्वरच्या दुकानासारखंच, फक्त कोणी ओरडत नव्हतं. हिने रिबीन बोटाने दाखवली आणि दुकानदार म्हणाला, "फीता?" ही माझ्याकडे वळून, "अहो, हा फीत म्हणाला." म्हणालाच. फीत त्यांचीच, आपण घेऊन परत दिली नाही. चावी, पाव, बटाटा, काजू, बालदी, सगळं तसंच. पण शब्द वाचलेला असणं वेगळं आणि दुकानदाराने तो मीटरवर मोजून देणं वेगळं. तीन मीटर घेतली. नातीच्या परकराला.

रूळ सोडून आम्ही फक्त एकदाच वाकडी वाट केली, ती नदीकाठच्या मोठ्या चौकासाठी. नकाशात तो प्रासा दु कुमेर्सिउ, पण लोक अजून तरैरु दु पासु म्हणतात, राजवाड्याचं अंगण. राजवाडा नाही. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांच्या सणाचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये आणि भूकंप. सणाच्या पेटलेल्या मेणबत्त्या पडून आगी लागल्या. जीव वाचवायला लोक मोकळ्यावर, इथे नदीकाठी धावले, तर नदी आधी मागे हटली आणि मग लाट होऊन आली. उरलंसुरलं शहर पुढे कित्येक दिवस जळत होतं. राजा जुझे वाचला, पण त्याने धसका असा घेतला की पुन्हा दगडी छपराखाली राहायला तयार होईना. टेकडीवर तंबू आणि लाकडी वाडा बांधून तिथे राहिला. गाव पुन्हा उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पुढे जो मार्किश द पोंबाल झाला त्याने. आम्ही आलो ते सरळ रेघेतले रस्ते त्याचेच. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, त्याला 'गायोला' म्हणतात, पिंजरा. तो हादरा सोसतो का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं होतं. आमच्या चाळीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला एक माणूस आला होता, त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि चहा पिऊन गेला.

मला या चौकात वेगळंच काही शोधायचं होतं. ब्रागांझाच्या ज्या घराण्याने १६६१च्या करारात कॅथरीनबरोबर मुंबई इंग्रजांना आंदण दिली, त्यांचा वाडा इथे होता. आमची चाळ, परळ, लालबाग, चिंचपोकळी, सगळं त्या आंदणात भांड्याकुंड्यांसारखं गेलं. वाड्याच्या जागी आता पिवळ्या कमानी, मधे जुझे राजा घोड्यावर. काठाला दोन खांब आणि पाण्यात उतरत गेलेल्या शेवाळलेल्या पायऱ्या. गेटवेला असतात तशाच. आम्ही वरच्या पायरीवर बसून एका गाडीवरून घेतलेले भाजलेले चेस्टनट सोलत होतो. कागदाच्या पुड्या, गाडीतून धूर, वर मिठाचा पांढरा थर. "आंदणात काय काय दिलं होतं अजून?" हिने विचारलं. मी म्हटलं, मोरोक्कोतलं टँजिअर आणि बरेच पैसे. "मग ठीक आहे," ती म्हणाली.

जेवायला मागच्या गल्लीतल्या छोट्या खानावळीत. मेनूवर 'बागेतले छोटे मासे' असं लिहिलेलं. मागवले, तर आल्या पीठ लावून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. भजी हो! जपानी लोकांचा टेंपुरा यावरूनच निघाला म्हणतात. ओवा नव्हता आणि चटणी नव्हती, बाकी तक्रार नाही. उठताना वेटर गल्ल्यावरच्या माणसाला ओरडला त्यात एक शब्द स्पष्ट ऐकू आला, पगार. म्हणजे हे पैसे द्यायचे म्हणतायत. एक तारखेला अण्णा घरी आल्यावर पाकीट देवापुढे ठेवायचे, तोच हा शब्द, इथे बिलाच्या बशीत.

पुढे पुन्हा चढ होता. हिने करार आठवून दिला आणि झालरवाल्या रिक्षात बसली. इश्त्रेलाच्या बागेत भेटू, असं ठरलं. भाडं किती झालं ते मला अजून सांगितलेलं नाही.

शियादु मी घाईत केलं, खरं सांगायचं तर मला ते आवडलंच नाही. झगमगीत दुकानं. १७३२पासून चालू असलेलं पुस्तकांचं दुकान तेवढं आत जाऊन आलो. बाजूला कार्मूच्या मठाला छप्पर नाही, भूकंपाने पडलं ते तसंच ठेवलंय. त्याच्यासमोरच्या चौकात एप्रिल १९७४ला हुकूमशाही संपली, सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली. गोवा आपण १९६१ला घेतला, पण पोर्तुगालने तो भारताचा मानला या क्रांतीनंतरच. चौकात पोरं फुटबॉल खेळत होती.

कामोंइशच्या पुतळ्याशी रूळ पुन्हा सापडले आणि जीवात जीव आला. हा त्यांचा महाकवी, गोव्यात काही वर्षं काढलेला. इथून पुढे टुरिस्ट गळत जातात. साव बेंतुची पांढरी पार्लमेंट, मग लांबच लांब चढ, आणि चढाच्या टोकाला इश्त्रेलाचा घुमट. मारिया राणीने अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. समोरच्या बागेत लोखंडी बँडस्टँडजवळच्या बाकावर ही बसलेली, शेजारी एक पोर्तुगीज आजी, दोघी फीत बघत होत्या. मी लांबूनच हात केला, आणखी थोडंच राहिलंय, येताना तुला घेतो. तिने मान हलवली. कुठल्या प्रकारची ते अंतरावरून कळलं नाही.

काम्पु द ओरीक हा शेवटचा भाग सपाट आहे. न्हावी, बेकरी, चपला दुरुस्त करणारा, शाळेतून पोरं आणणारे आजोबा. बघण्यासारखं काही नाही आणि मला दिवसभरात हाच रस्ता सगळ्यात आवडला. तळव्याला फोड आला होता, कोपर ठणकत होतं. फोन म्हणाला बावीस हजार पावलं.

सव्वापाचला रूळ संपले. समोर दफनभूमीचं फाटक, बंद झालेलं. नाव प्राझेरेश, अर्थ विचारलात तर सुखं. १८३३च्या कॉलऱ्याच्या साथीत सुरू झाली. अठ्ठावीस नंबरच्या पाटीवर दिवसभर हेच नाव फिरत असतं. भिंतीवरून सरूची झाडं डोकावत होती, पलीकडे आभाळ लाल.

आणि ट्राम उभी होती. अख्खी रिकामी. आत लाकडी खिडक्या, पितळी दांडे, ड्रायव्हर बाई फोनवर बोलत बसलेल्या. तिकीट घेतलं, डाव्या बाजूची खिडकी धरली आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. तो आपोआप टाकला गेला. मागून आणखी सातआठ जण चढले, रुमालाकडे बघून पुढे गेले. रुमाल सगळीकडे कळतो.

इश्त्रेलाला ही हात दाखवून उभी. बाईंनी ट्राम थांबवली. ही दांडा धरून चढली, रुमाल उचलून घडी घातली, बसली. दार लागलं, पण गाडी हलेना, पुढे कोणीतरी मोटार आडवी लावली होती. मिनिटभर सगळे गप्प. मग हिने पर्समधून घराची चावी काढली आणि समोरच्या पितळी दांड्यावर वाजवली, टण टण. बाईंनी आरशात बघितलं.